गप्पी मासे आणताना आधी नर-मादी बघा



पाऊस उघडला की गोठ्याजवळच्या हौदात डासांच्या अळ्या वळवळायला लागतात. त्यावर गप्पी मासे हा चांगला उपाय. पण "आम्ही सोडले होते, टिकले नाहीत" असं बरेच जण सांगतात. माझं स्पष्ट मत आहे, चूक माशांची नसते, आपल्या निवडीची असते.

माझंच सांगतो. पहिल्या खेपेला दुकानातून 12 मासे आणले. पोरानं निवडून निवडून रंगीत, झुपकेदार शेपटीचे घेतले. हौद झकास दिसायला लागला. पण पिल्लू एक दिसेना. हळूहळू मासे संपले, अळ्या परत हजर! मागाहून कळलं, बाराच्या बारा नर होते. नुसते बैल बांधून दुधाचा धंदा करायला निघालो होतो आम्ही.

ओळख अवघड नाही. मासा काचेच्या बरणीत घ्या आणि बाजूनं बघा.

नर: अंगानं बारीक, साधारण 3 सें.मी., रंगीत. पोटाखालचा, शेपटीकडचा पर काडीसारखा निमुळता.

मादी: मोठी, 5 ते 6 सें.मी. पर्यंत, पोट फुगीर, रंगानं फिकी. तोच पर पंख्यासारखा पसरट. गाभण असली की त्या पराच्या वर काळसर डाग दिसतो.

दुकानातल्या काही जातींत मादीची शेपटीही रंगीत असते. म्हणून रंगावर जाऊ नका, पर बघा. आणि महिन्याच्या आतली पिल्लं "जोडी" म्हणून कुणी महाग देत असेल तर घेऊ नका, त्या वयात फरक नीट कळतच नाही.

एका नरामागं 2-3 माद्या ठेवा. नर जास्त झाले की माद्यांच्या मागं लागून त्यांना बेजार करतात. मादी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं देते, साधारण महिन्याला एक वेत. एकदा नर लागला की पुढची काही वेतं नराशिवायही होतात. मोठे मासे पिल्लं खातात, म्हणून हौदात थोडं पाणगवत असू द्या. मादी मोठी, म्हणून अळ्याही तीच जास्त फस्त करते. दिसायला साधी, पण कामाची तीच.

एक विनंती, हे मासे ओढ्यात-नदीत सोडू नका. मासा परदेशी आहे, आपल्या गावठी माशांना जड जातो.

तुमच्या हौदात नर किती, माद्या किती? सकाळी उजेडात मोजा आणि खाली लिहा.