‘अप्रस्तुत’ या शब्दाची ढाल

अवेळीं वा अस्थानीं झालेल्या गोष्टीस नांव ठेवण्यास मराठींत शब्दांची वाण नाहीं: अकालिक, अनुचित, अप्रासंगिक, अप्रस्तुत. पैकीं शेवटच्या शब्दाचा सभासंमेलनांतून जो दुरुपयोग चालला आहे, त्याविषयीं चार ओळी लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

साहित्यशास्त्रांत हा शब्द दूषणार्थी नाहीं. अप्रस्तुतप्रशंसा या अलंकारांत कवि वर्णन करतो चातकाचें, आणि वाचक ओळखतो याचकाला. अप्रस्तुत हें तेथें प्रस्तुताकडे नेणारें द्वार असतें. औचित्याला काव्याचें जीवित मानणाऱ्या क्षेमेंद्रानेंही अकराव्या शतकांत ‘औचित्यविचारचर्चा’ लिहितांना नुसतें ‘अनुचित’ म्हणून हात झटकले नाहींत. पद, रस, देश, काल अशा एकेका स्थानीं उदाहरणें समोर ठेवून गुण कोठें व दोष कोठें, तें दाखविलें. आमचे सभाध्यक्ष मात्र ‘प्रश्न अप्रस्तुत आहे’ एवढें उच्चारून खालीं बसतात. प्रश्न खोटा आहे, असें ते म्हणत नाहींत. म्हटलें तर पुरावा द्यावा लागेल!

ही युक्ति नवी नव्हे. पतीच्या बळजबरीनें मरण पावलेल्या, अकरा वर्षांच्या सुमाराच्या फुलमणी दासीचा खटला १८९० सालीं कलकत्त्यास चालला, तेव्हां संमतिवयाची कायदेशीर मर्यादा दहा वर्षांची होती. १८९१ च्या कायद्यानें ती बारा झाली. पण सुधारणा व्हावी ती शिक्षणानें, सावकाश, परकीय सरकारच्या हातून नको, असें म्हणणारे विद्वान् आमच्या पुण्यांत थोडे नव्हते. पुढें १८९५ सालीं पुण्यास काँग्रेस भरली, तेव्हां तिच्या मंडपांत सामाजिक परिषदेला जागा मिळाली नाहीं. परकीय सत्तेविषयींच्या आक्षेपांत तथ्य नव्हतें, असें नाहीं. परंतु वाट पाहण्याचा सल्ला देणारे प्रौढ पुरुष होते, आणि वाट पाहावयाची होती ती दहा-अकरा वर्षांच्या मुलींनीं!

काळवेळ पाहूंच नये, असें आमचें म्हणणें नाहीं. प्रेतयात्रेंत कर्जाचा तगादा लावणारा अनुचितच वागतो; पण तोच तेराव्यानंतर आला, तर त्याचें म्हणणें ऐकावेंच लागतें. म्हणून आमचा आग्रह एवढाच कीं, जो कोणी ‘आज हें अप्रस्तुत’ म्हणेल, त्यानें तें प्रस्तुत कधीं होईल, ती तिथि तेथेंच सांगावी. तिथि सांगतां येत नसेल, तर आपला विरोध वेळेला नसून प्रश्नालाच आहे, हें त्यानें सरळ कबूल करावें.