अपघातानंतरचे अपघात

चिरनेर हे नाव उच्चारले की अक्कादेवीचा डोंगर आणि २५ सप्टेंबर १९३० हा दिवस आठवतो. जंगल सत्याग्रहासाठी जमलेल्या निःशस्त्र जनसमुदायावर परकीय सत्तेच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या. नाग्या कातकरीसारखे रानावनातले तरुण आणि शेतात राबणारे आगरी-कोळी बांधव तेथे हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दिवशी स्मारकाला मानवंदना दिली जाते, आणि ती द्यायलाच हवी. परंतु त्याच चिरनेरच्या आसपासच्या रस्त्यांवर आज जे रक्त सांडते, त्याला कोणी हौतात्म्य म्हणणार नाही आणि त्याचे स्मारकही होणार नाही. १९८९ साली न्हावा-शेव्याला बंदर सुरू झाले. त्यामागोमाग कंटेनरची गोदामे आणि अवजड ट्रेलरची रांग उरण-पनवेलच्या गावोगावी पोहोचली. ज्या रस्त्यांवरून कालपरवापर्यंत भाताच्या गाड्या जात, त्याच रस्त्यांवर आज चाळीस फुटी कंटेनर आणि मोटारसायकल एकमेकांना घासून धावतात.

या रस्त्यांच्या दुर्दशेबद्दल, शासनाच्या अनास्थेबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते रास्तही आहे. मात्र या संतापात एक अप्रिय सत्य सोयीस्करपणे झाकले जाते. अपघात घडेपर्यंतचा दोष रस्त्याचा, ट्रेलरचा, शासनाचा असेलही. अपघात घडून गेल्यानंतर जे घडते, त्याचा दोष मात्र बव्हंशी समाजाचा, म्हणजे आपला आहे. रस्त्यावर पडलेला दुचाकीस्वार पुष्कळदा पहिल्या धडकेने मरत नाही. तो भोवती जमलेल्या गर्दीच्या अज्ञानाने मरतो. आणि तो गेल्यावर त्याच्या घराची जी वाताहत होते, ती ‘कशाला पोलिसांच्या भानगडीत पडायचे’ या शहाणपणामुळे होते.

दैवाच्या नावावर खपवलेला निष्काळजीपणा

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतील ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवर होती. ‘आयुष्याची दोरीच तेवढी होती’ असे म्हणून आपण या मृत्यूंवर पडदा टाकतो. पण दोरी कोठे तुटली, कोणाच्या हातून तुटली, हे कोणी तपासत नाही.

अपघातस्थळीचे नेहमीचे चित्र पाहा. मोटारसायकलस्वार पडला की क्षणार्धात पन्नास माणसे गोळा होतात. दोघे त्याला बखोटीला धरून बसवू पाहतात. तिसरा त्याचे हेल्मेट ओढून काढतो. चौथा बेशुद्ध तोंडात पाणी ओततो. आणखी काही जण मोबाईल उंच धरून चित्रीकरण करतात आणि उरलेले ट्रेलरचालकाला शोधायला धावतात. यातील प्रत्येक कृती, एक चित्रीकरण सोडले तर, मदतीच्या किंवा न्यायाच्या भावनेने होते. आणि यातील प्रत्येक कृती घातक ठरू शकते.

मानेचा किंवा पाठीचा मणका मोडलेला असताना माणसाला हातापायांना धरून उचलले, तर मज्जारज्जूला इजा होऊन तो जन्माचा पंगू होऊ शकतो. म्हणून आग, पाणी किंवा अंगावर येणारी वाहने असा प्रत्यक्ष धोका नसेल तर त्याला हलवू नये. डोके आणि मान जशी आहे तशी दोन्ही हातांनी स्थिर धरून ठेवावी. हलवणे भागच पडले तर डोके, मान आणि धड एका रेषेत ठेवून, अनेकांनी मिळून, फळीवर किंवा स्ट्रेचरवर घ्यावे. रिक्षाच्या मागच्या बाकावर त्याला दुमडून कोंबू नये. हेल्मेटलाही हात लावू नये. श्वासच अडला असेल किंवा तोंडातून रक्त अथवा ओकारी येत असेल, तेव्हाच ते काढावे, आणि तेही एकाने मान धरून व दुसऱ्याने अलगद सरकवून. बेशुद्ध माणसाला पाजलेले पाणी पोटात न जाता श्वासनलिकेत उतरू शकते. शुद्धीवर असलेल्यालाही काही खायला-प्यायला देऊ नये, कारण त्याला तातडीने शस्त्रक्रियेसाठी न्यावे लागण्याची शक्यता असते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून जखम घट्ट दाबून धरावी. हळद, माती, चुना यांचा तेथे काही उपयोग नाही.

एवढे करण्यास पदवी लागत नाही. वाहनाचे इंजिन बंद करणे, दोघांनी दोन्ही बाजूंना उभे राहून येणारी वाहतूक थोपवणे आणि १०८ किंवा ११२ वर ठिकाणाची नेमकी खूण सांगणे, ही तीन कामे तर शाळकरी मुलेही करू शकतात.

‘मला काही झाले नाही’

दुसरी घोडचूक अपघातग्रस्ताची स्वतःची. पडलेला तरुण उठतो, कपडे झटकतो आणि लोकांच्या नजरा चुकवत ‘काही नाही झाले’ म्हणत गाडी सुरू करतो. खरचटल्यापलीकडे काही दिसत नाही, म्हणून घरचेही निश्चिंत होतात. डोक्याच्या मारात काही वेळा रक्तस्राव हळूहळू होतो. माणूस काही तास बोलतो, जेवतो, झोपतो आणि झोपेतच बेशुद्धीत जातो. पोटाच्या आतील इजाही अशीच लपून राहते. ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गोपीनाथ मुंडे यांच्या मोटारीला अपघात झाला. त्यांच्या अंगावर बाहेरून मोठी जखम दिसत नव्हती. आत मात्र यकृताला गंभीर इजा झाली होती. महाराष्ट्राने आपला एक कर्ता नेता त्या सकाळी गमावला. मोटारीत बसलेल्या माणसाची ही गत, तर उघड्या दुचाकीवरून रस्त्यावर फेकल्या गेलेल्याची काय असेल?

म्हणून डोक्याला मार लागला असो वा नसो, वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे. डोके दुखत राहणे, उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, कानानाकातून पाणी किंवा रक्त येणे, पोट ताठरणे यांपैकी एक जरी लक्षण दिसले तरी ‘सकाळी बघू’ हे शब्द घरात उच्चारू नयेत. चिरनेरहून पनवेल वीस-पंचवीस किलोमीटर आहे आणि रस्ता कंटेनरांनी तुंबलेला असतो. ज्याला वैद्यक ‘गोल्डन अवर’ म्हणते तो पहिला तास येथे प्रवासातच संपतो. त्यातला एक क्षणही वादात घालवण्याची चैन या भागाला परवडणारी नाही.

भीतीचे निमित्त आता उरलेले नाही

‘मदत केली की साक्षीदार म्हणून खेटे घालावे लागतात’ हा युक्तिवाद वर्षानुवर्षे केला जातो. एके काळी त्यात तथ्य होते. दिल्लीत एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. ‘हे पोलीस प्रकरण आहे’ म्हणून तेथील डॉक्टरांनी त्याला सुमारे वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयाकडे धाडले. तो वाटेतच गेला. या घटनेवरून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८९ साली न्यायालयाने निःसंदिग्ध निर्णय दिला की, जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, शासकीय असो वा खासगी, पहिले कर्तव्य आहे आणि कागदपत्रे त्यानंतर. २०१६ साली त्याच न्यायालयाने मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक तत्त्वांवर शिक्कामोर्तब केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. प्रामाणिकपणे मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही आणि त्याच्यावर नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार अपघातग्रस्तावर नियुक्त रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख रक्कम न भरता होऊ शकतात.

कायदा आपल्या बाजूने आला, तरी आपण मागच्या पिढीच्या भीतीला कवटाळून बसलो आहोत. ही भीती राहिलेली नाही. हे आता निव्वळ निमित्त आहे.

याउलट जेथे खरोखर भ्यायला हवे, तेथे आपण शौर्य गाजवतो. चालकाला मारहाण, वाहनाची जाळपोळ, रास्ता रोको! कलम १३४ चालकावर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याचे बंधन घालते, पण जमावाच्या प्रक्षोभामुळे ते शक्य नसेल तर सूटही देते. कायदा करणाऱ्यांनाच समाजाच्या हिंसेची नोंद कायद्यात करावी लागली, यापरता लांच्छनास्पद पुरावा कोणता? पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठरवणारी भारतीय न्याय संहितेतील तरतूद जानेवारी २०२४ मधील चालकांच्या संपानंतर स्थगित ठेवण्यात आली. ‘थांबलो तर जमाव मारून टाकील’ हाच त्या संपातील मुख्य युक्तिवाद होता. शिवाय रास्ता रोकोत सर्वप्रथम अडकते ती रुग्णवाहिका. रस्ता सुधारावा म्हणून आंदोलन जरूर करावे, पण जखमी रुग्णालयात पोहोचल्यावर.

मिटवामिटवीची किंमत

सर्वांत महाग चूक सर्वांत शांतपणे होते. गावातील चार वजनदार माणसे मध्ये पडतात, समोरचा वाहनमालक पाच-दहा हजार रुपये देतो, कोऱ्या कागदावर सही होते आणि ‘प्रकरण मिटते’. रुग्णालयात ‘घसरून पडला’ असे सांगितले जाते. पुढे पायात सळई घालावी लागते, नोकरी जाते, किंवा घरचा कर्ता पुरुषच जातो. मग वकिलाकडे धाव घेतली जाते, आणि केसपेपरवरचे ‘घसरून पडला’ हे दोन शब्द विधवेच्या दाव्यावर पाणी फिरवतात.

म्हणून अपघाताची खबर त्याच दिवशी पोलीस ठाण्यात द्यावी. रुग्णालयात खरी हकिकत नोंदवावी. वाहनाचा क्रमांक, जागेची व दोन्ही वाहनांची छायाचित्रे आणि साक्षीदारांची नावे जपावीत. विमा कंपनीला तत्काळ लेखी कळवावे. न वाचता कशावरही सही करू नये. पंचनाम्यापूर्वी गाडी दुरुस्तीला देऊ नये. लायसन नसलेल्या मुलाच्या जागी काकाला ‘चालक’ म्हणून उभे करण्याची चतुराई तर कदापि करू नये. ती फसवणूक आहे आणि उघड झाली की खरा दावाही बुडवते.

कायद्याने दिलेले हक्कही ठाऊक हवेत. मोटार अपघात दावा प्राधिकरणापुढे अपघातग्रस्ताला आपल्या राहत्या जागेच्या हद्दीतही दावा लावता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्यासाठी सहा महिन्यांची मुदत लागू झाली. तिच्या वैधतेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला असला, तरी शहाण्याने ती मुदत धरूनच चालावे. धडक देणारे वाहन सापडलेच नाही तरी मृत्यूबद्दल दोन लाख आणि गंभीर दुखापतीबद्दल पन्नास हजार रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो. स्वतःच्या पॉलिसीत वाहनमालक-चालकाचे पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असेल, तर तेही वेगळे मिळू शकते. कपाटातली पॉलिसी काढून तेवढे आजच पाहिले तरी पुष्कळ झाले.

कोणी म्हणेल, शोकाच्या प्रसंगी हा हिशेब शोभतो का? शोभतो, कारण चिरनेरनेच तो शिकवला आहे. गोळीबारानंतर हे गाव केवळ रडत बसले नाही. चिरनेर खटला न्यायालयात लढला गेला आणि आरोपींच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. परकीय सत्तेच्या न्यायालयात जे आपल्या पूर्वजांनी निर्भयपणे केले, ते स्वतंत्र भारताच्या पोलीस ठाण्यात करताना आपले पाय का लटपटावेत?

प्रत्येक गावातील मंडळाने, ग्रामसभेने, वाचनालयाने वर्षातून एक दिवस यासाठी द्यावा. प्रथमोपचार जाणणाऱ्या डॉक्टरांना बोलवावे, वीस तरुणांना जखमीची मान स्थिर धरायला शिकवावे, नाक्यावरच्या फलकावर १०८, ११२ आणि जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक रंगवावा, एक स्ट्रेचर मंदिराच्या सभामंडपात ठेवावे. खर्च नगण्य आहे. हुतात्म्यांच्या स्मारकावर वाहिलेले फूल दुसऱ्या दिवशी सुकते. त्याच रस्त्यावर वाचवलेला एक तरुण मात्र पुढल्या २५ सप्टेंबरला स्वतःच्या पायांनी चालत मानवंदनेला येईल.