रस्ता जागेवर, धनी वाटेवर!

हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर गाडी थांबते, पैसे वळते होतात, आडवा दांडा उठतो आणि आपण धारवाडच्या दिशेने चालू लागतो. हा पैसा अखेर कोणाच्या पदरात पडतो, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणांच्या मनात येतो? रस्ता सरकारचा, तेव्हा पैसाही सरकारचाच, अशी भाबडी समजूत आपण बाळगून आहोत. ती आता टाकून दिली पाहिजे.

बेळगाव–धारवाड मार्ग सहापदरी करण्याचे काम व त्यावरील टोलवसुलीचा हक्क नाशिकच्या अशोका बिल्डकॉन समूहातील कंपनीस मिळाला. ज्याने बांधले त्याने वसूल करावे, येथवर तक्रारीस जागा नाही. पण २०१२ साली या समूहाच्या रस्ते-कंपनीत स्टेट बँक व ऑस्ट्रेलियाची मॅक्वारी यांच्या निधीने ८०० कोटी रुपये घातले. २०२१ साली अमेरिकेच्या केकेआरने या रस्त्यासह पाच रस्ते १,३३७ कोटींना घेण्याचा करार केला. तो पुढे रद्द झाला. २०२४ च्या अखेरीस तेच रस्ते मॅपल या न्यासाला २,५३९ कोटींना विकण्याचे ठरले. या न्यासामागे कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या निवृत्तिवेतन निधीचे बळ आहे. रस्ता तसूभरही हलला नाही; सौद्यांची रीघ मात्र थांबली नाही. टोल भरणाऱ्यास यांपैकी एका तरी सौद्यात कोणी विचारले काय? हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते हेच!

प्रायव्हेट इक्विटीची रीत वाचकांनी नीट समजून घ्यावी. असा निधी विमा कंपन्यांचा, निवृत्तिवेतनाचा, धनिकांचा पैसा गोळा करतो. चालता धंदा विकत घेतो. पुष्कळदा त्यासाठी काढलेले कर्ज त्या धंद्याच्याच डोक्यावर ठेवतो. आणि काही वर्षांनी तो विकून बाहेर पडतो. निधीचे आयुष्य बहुधा दहा वर्षांचे, रस्त्याचे किंवा नळाचे पिढ्यांचे. दहा वर्षांचा पाहुणा शंभर वर्षांच्या घराची कौले बदलील, ही अपेक्षा कोणत्या भरवशावर करावयाची?

ही शंका पोकळ नव्हे, हे लंडनकडे पाहिल्यास कळेल. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्स नदीच्या दुर्गंधीने पार्लमेंटही हैराण झाले, तेव्हा बॅझलजेटने लोकांच्या पैशातून त्या शहराची भुयारी गटारे बांधली. १९८९ साली थेम्स वॉटर खासगी झाली, तेव्हा तिच्यावर कर्ज नव्हते. २००६ साली मॅक्वारीच्या नेतृत्वाखालील गटाने ती घेतली. २०१७ साली मॅक्वारी बाहेर पडली, तोवर सुमारे ३.४ अब्ज पौंडांचे कर्ज १०.८ अब्जांवर गेले होते. भागधारकांना लाभांश मिळाला. नदीला मैला मिळाला. २०१२ ते २०१४ मधील प्रदूषणाबद्दल २०१७ साली न्यायालयाने कंपनीस २ कोटी ३ लक्ष पौंड दंड केला. त्या काळात जलव्यवस्थेवर मोठा खर्चही झाला, हे मॅक्वारीचे म्हणणे आम्ही दडवीत नाही. पण २०२५ साली ही कंपनी ३ अब्ज पौंडांपर्यंतच्या तातडीच्या कर्जासाठी न्यायालयाच्या दारी उभी राहिली, आणि त्याच वर्षी ग्राहकांची पाणीपट्टी सुमारे एकतृतीयांशाने वाढली. खाल्ले कोणी आणि फेडले कोणी?

कोणी म्हणेल, राष्ट्रीय महामार्गाचा टोल मनमानीने वाढविता येत नाही. खरे आहे. २००८ च्या नियमांप्रमाणे तो दरवर्षी तीन टक्क्यांनी, अधिक घाऊक किमतींतील वाढीच्या चाळीस टक्क्यांनी वाढतो. पण याचाच अर्थ असा की, वसुलीचा दर जेथे ठरलेला, तेथे नफा वाढविण्याचा सोपा मार्ग दुरुस्तीतील काटकसरीतून जातो. टोल बहुधा एप्रिल येताच चढतो. खड्डा मात्र कोणत्या तारखेस बुजावा, हे टोल भरणाराला कोण सांगतो?

भांडवलाशी आमचे वैर नाही. परक्या देशातील पेन्शनराचा पैसा येथे येऊन रस्ता उत्तम राहत असेल, तर त्याने रास्त व्याज जरूर घ्यावे. आमचे मागणे तीनच गोष्टींचे आहे. सौद्यापूर्वी त्याच्या अटी लोकांपुढे याव्यात. विकत घेण्यासाठी काढलेले कर्ज रस्त्याच्या कंपनीवर लादण्यास कायद्याने मर्यादा असावी. आणि वर्षाची वसुली किती, डोक्यावर कर्ज किती, दुरुस्तीस खर्च किती, हे तीन आकडे नाक्यावरील फलकावर, येथील माणसाला वाचता येईल अशा भाषेत लागावेत.

व्यापारी संघांनी, मालमोटार चालकांनी व नगरसेवकांनी हे मागणे महामार्ग प्राधिकरणाकडे लेखी द्यावे. टोल भरणारा हा भिकारी नव्हे. या रस्त्याचा खरा सावकार तोच आहे, आणि सावकाराने हिशेब मागितलाच पाहिजे!