दूरच्या वाटेवर निघण्यापूर्वी

वाचकहो, गेल्या वर्षी जून महिन्यात एक निवृत्त शिक्षक सपत्नीक माझ्या दवाखान्यात आले. वय सहासष्ट, चौदा वर्षांचा मधुमेह, रक्तदाब गोळ्यांनी आटोक्यात. मुलगा कॅनडात कॅल्गरीला असतो. ऑगस्टमध्ये त्याच्यासोबत मोटारीने डेम्पस्टर महामार्गावरून जायचे ठरले होते आणि त्यांना तीन महिन्यांच्या औषधांची चिठ्ठी हवी होती. चिठ्ठी लिहिताना मी सहज त्या रस्त्याविषयी विचारले आणि ते खुलले.

हा रस्ता युकॉन प्रदेशात डॉसन सिटीच्या पूर्वेस सुमारे चाळीस किलोमीटरवर सुरू होतो आणि उत्तरेस इनुविकपर्यंत साधारण ७४० किलोमीटर जातो. जवळजवळ सगळा खडीचा. खालची जमीन कायम गोठलेली. ती उबेने वितळून खचू नये म्हणून तिच्यावर खडीचा जाड थर घातलेला आहे. रस्ता १९७९ मध्ये पूर्ण झाला. आरंभापासून ईगल प्लेन्सपर्यंत ३६९ किलोमीटर वाटेत पेट्रोल मिळत नाही. ४०५ व्या किलोमीटरला उत्तर ध्रुववृत्त लागते. पुढे पील आणि मॅकेन्झी या नद्या उन्हाळ्यात तराफ्यावरून ओलांडाव्या लागतात. टोकदार खडीने टायर फाटतात, म्हणून जाणकार दोन जादा चाके नेतात. मोबाइल बहुतेक वाटेवर मुका असतो.

हे सारे सर उत्साहाने सांगत होते. एवढ्यात काकू म्हणाल्या, "डॉक्टर, पर्वती चढताना हे हल्ली दोनदा थांबतात. चपलेचा बंद सरळ करतात. बंद सरळच असतो."

सर खाली पाहू लागले. विचारल्यावर कळले, की चढताना छातीवर दडपण येते, थांबले की दोन-तीन मिनिटांत ओसरते. तीन महिने हे चालले होते. "मुलाने सुट्टी काढली आहे हो, त्याला सांगू नका," एवढेच ते म्हणाले.

येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. चिठ्ठी लिहून झाली होती. साखर पाहिली होती, रक्तदाब मोजला होता. चालताना काय होते, हे मी विचारलेच नव्हते. काकू गप्प राहिल्या असत्या तर ते त्याच चिठ्ठीनिशी विमानात बसले असते. ईगल प्लेन्सच्या आसपास छातीत कळ आली, तर डॉसनचे आणि इनुविकचे रुग्णालय दोन्हीकडे साडेतीनशे किलोमीटरहून दूर, आणि तेही खडीवरून. हृदयाच्या झटक्यात स्नायू वाचवण्याचा काळ मिनिटांत आणि तासांत मोजतात.

ज्यांच्या नावाने हा रस्ता आहे, त्या विल्यम डेम्पस्टर यांची कथाही मी सरांकडूनच ऐकली होती. डिसेंबर १९१० मध्ये फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघालेली फिट्झजेराल्ड यांची पोलिस तुकडी बर्फात हरवली. लवकर पोहोचण्यासाठी शिधा कमी घेतला होता. वाट ठाऊक असलेल्या ग्विचिन वाटाड्याला थोड्याच दिवसांत परत पाठवले होते. मार्च १९११ मध्ये डेम्पस्टर यांना चौघांचे मृतदेह मिळाले. मी सरांना म्हटले, "तुमच्या वाटाड्या काकूच आहेत. आणि स्टिअरिंगवर जो बसणार, त्याला हे ठाऊक असायला हवे." तुमच्या परवानगीवाचून मी मुलाला काही सांगणार नाही, हेही सांगितले. बराच वेळ गेला. मग त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला.

अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी बरीच अरुंद निघाली, स्टेंट बसला आणि त्या वर्षीचा प्रवास रद्द झाला. सर दोन महिने माझ्याशी मोजकेच बोलत.

या ऑगस्टमध्ये ते गेले, हृदयतज्ज्ञांच्या संमतीने. तुमच्यापैकी कुणी अशा वाटेने जाणार असेल तर त्यांच्या तयारीतले थोडे सांगतो. औषधांचे दोन संच केले, एक काकूंच्या पिशवीत. इन्शुलिन घेणाऱ्यांनी ते ना बंद गाडीच्या उन्हात ठेवावे, ना गोठू द्यावे. एकदा गोठलेले इन्शुलिन टाकूनच द्यावे. कॅनडात साखर निराळ्या एककात सांगतात: आपले १८० म्हणजे तिथले १०, आणि तिथले ४ म्हणजे आपले ७२. तो चार आकडा ऐकून कुणी निर्धास्त राहू नये, लगेच साखर खावी. उत्तरेत उन्हाळ्यात रात्र नीट होतच नाही; गोळ्या आणि झोप घड्याळाप्रमाणे. दर दोन तासांनी उतरून पाय मोकळे करावेत, डास कितीही असोत (आणि ते पुष्कळ असतात). मुलाने उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र भाड्याने घेतले होते आणि जिभेखालची गोळी कुठे आहे हे तिघांनाही ठाऊक होते.

ध्रुववृत्ताच्या फलकापाशी काढलेले छायाचित्र सरांनी मला पाठवले. खाली लिहिले होते, "बूट घातले आहेत. बंद नाहीत."