अपील म्हणजे दुसरे वाचन

माहीमला आमच्यापैकी एकाच्या घरी महिन्यातून एका रविवारी आम्ही सहासात जण जमतो. बहुतेक जण मराठी शिकवणारे, दोघे निवृत्त, एकदोन विद्यार्थी. आधी ठरवलेल्या पुस्तकावर बोलायचे, चहा घ्यायचा आणि शेवटची गाडी चुकण्याआधी उठायचे, असा बेत. मागच्या बैठकीत ठरलेली कादंबरी निम्म्या मंडळींनी वाचलेलीच नव्हती. तेव्हा यजमानांनी कादंबरीऐवजी एक निकालपत्र वाचायला काढले. त्यांच्या खिडकीखालून तुळशी पाईप रोड जातो. पाटीवर आज ‘सेनापती बापट मार्ग’ असले, तरी माहीमहून दादरकडे चालत जाणारा माणूस अजून जुनेच नाव घेतो. निकालपत्र त्याच रस्त्याशी संबंधित होते.

पदपथवासीयांचा तो खटला ‘ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका’ या नावाने सर्वज्ञात आहे. 1981 च्या जुलैत, भर पावसात, मुंबईच्या पदपथांवरील झोपड्या पाडून माणसांना त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा मुख्यमंत्री अंतुले यांनी केली. प्रकरण आधी मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे तात्पुरती स्थगिती मिळाली. पण पदपथावर झोपडी बांधण्याचा मूलभूत हक्क आपल्याला नाही, अशी कबुलीही अर्जदारांकडून दिली गेली. पुढे सर्वोच्च न्यायालयात ही कबुली त्यांच्याच अंगावर घालण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा संविधानाने दिलेला हक्क असा कबुलीने सोडून देता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. 10 जुलै 1985 रोजी, निवृत्तीला एक दिवस उरला असताना, सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी पाच न्यायमूर्तींच्या पीठाचा हा निकाल दिला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कात येतो, हे तत्त्व त्यातून आले. झोपड्या मात्र वाचल्या नाहीत. पावसाळा सरेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, त्या पाडू नयेत एवढीच सवलत मिळाली. (तत्त्व अर्जदाराचे आणि जागा महापालिकेची, असा हा चमत्कारिक विजय.)

परंतु त्या दिवशी आम्ही अडकलो ते तत्त्वापाशी नव्हे, तर आरंभीच्या एका परिच्छेदापाशी. एक अर्जदार मूळचा संगमनेरचा. गावी चांभारकाम करून दिवसाला सातआठ रुपये मिळवणारा. त्याचे गावातले ‘तथाकथित घर’ कोसळले. मुंबईत त्याला महिना 350 रुपयांवर बदली कामगार म्हणून काम मिळाले. तुळशीवाडीतल्या पदपथावर राहण्याची जागा मिळाली, ती तिथल्या गुंडाला 300 रुपये देऊन. बांबू आणि प्लास्टिकचे कापड यांना 700 रुपये पडले. हे सारे चारपाच वाक्यांत आलेले आहे. ‘बदली कामगार’ आणि ‘गुंडा’ हे शब्द इंग्रजी निकालातही तसेच ठेवले आहेत. आणि जागा मिळण्याबाबत हा माणूस ‘लकी’ ठरला, असे न्यायमूर्ती लिहितात. हा ‘लकी’ कोणाचा? अर्जदाराचा, वकिलाचा, की न्यायमूर्तींच्या उपरोधाचा? कथनमीमांसा शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना एवढ्या एका शब्दावर तासभर पुरला.

कायद्याचे विद्यार्थी हा परिच्छेद उडी मारून ओलांडतात. परीक्षेत विचारले जाते ते तत्त्व. आणि आम्ही साहित्याचे लोक? न्यायालय आणि साहित्य म्हटले की आम्हांस मर्ढेकरांच्या कवितांवरचा खटला आठवतो, काकोडकरांची ‘श्यामा’ आठवते, ‘सखाराम बाइंडर’ आठवते, फार तर वसंत दत्तात्रेय गुर्जर यांच्या गांधींवरील कवितेचा 2015 चा निकाल आठवतो. म्हणजे लेखक आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला तरच आम्ही न्यायालयाच्या पायऱ्या चढणार! एरवी घटस्फोट, वाटणी, भाडे, मारामारी, खून यांची जी हजारो निकालपत्रे उच्च न्यायालयातून बाहेर पडतात, ती आमच्या वाचनाचा भाग नाहीत. हे आमचे चुकते, असे आम्हांस आता ठामपणे वाटते. त्याचे कारण अपील या गोष्टीच्या स्वरूपातच आहे.

खालच्या न्यायालयातील न्यायाधीश साक्षीदाराला पाहतो. त्याचा आवाज कुठे अडखळला, त्याने नजर कुठे चुकवली, हे त्याच्या समोर घडते. साक्षीदाराच्या वर्तनाविषयी शेरा नोंदवण्याची सोयही कायद्याने त्याला दिलेली आहे. अपिलाच्या न्यायालयासमोर माणूस नसतो. असते ती कागदांची बांधलेली चळत. जबानी, उलटतपासणी, पंचनामा, खालचा निकाल. वकील बोलतात तेही या कागदांविषयीच. अपिलाचा न्यायाधीश हा वाचक आहे. पहिला वाचक चुकला का, हे ठरवण्यासाठी तो तीच संहिता दुसऱ्यांदा वाचतो. संहिता तीच असताना अर्थ उलटा कसा निघाला, हा प्रश्न जर आमचा नसेल, तर मग आमचा प्रश्न कोणता?

ती संहिता तयार कशी होते, हेही पाहण्याजोगे आहे. सत्र न्यायालयात साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तरांच्या रूपात नव्हे, तर सलग निवेदनाच्या रूपात उतरवली जाते. वकील विचारतो, साक्षीदार ‘हो’, ‘नाही’, ‘तसं नव्हतं साहेब’ असे काही बोलतो, आणि कागदावर उमटते ते प्रथमपुरुषी निवेदन. उलटतपासणीतले ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे’ हे वाक्य आठवावे. असे वाक्य मराठीत कोणी कधी बोललेले नाही. पण लक्षावधी साक्षीदारांच्या तोंडी ते घातलेले आहे. प्रश्न वकिलाचा, वाक्यरचना न्यायालयाची, आणि ‘मी’ तेवढा साक्षीदाराचा. आत्मकथनांतील ‘मी’ कोण, यावर आमच्याकडे परिसंवाद भरतात. या ‘मी’वर एकही भरल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

वाचन बदलले की आयुष्य कसे बदलते, याचे मुंबईतले सर्वांत ठळक उदाहरण रखमाबाईंचे. अकराव्या वर्षी लग्न झालेली, नवऱ्याच्या घरी कधीच न गेलेली ही मुलगी. नवरा दादाजी भिकाजी यांनी 1884 मध्ये तिच्यावर दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. दावा दांपत्यहक्कांच्या ‘पुनःस्थापने’चा आहे, जे कधी स्थापनच झाले नाही त्याची पुनःस्थापना कशी करणार, असा त्यांचा सवाल होता. त्या उपसर्गावर सगळा निकाल उभा होता, असे म्हटले तरी चालेल. 1886 मध्ये त्याच उच्च न्यायालयात अपील झाले. मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो उपसर्ग तितका महत्त्वाचा मानला नाही. दावा चालू शकतो असे ठरवून त्यांनी तो परत पाठवला. 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला, की नवऱ्याकडे जावे अन्यथा सहा महिने तुरुंगात. आपण तुरुंग पत्करू, असे रखमाबाईंचे उत्तर होते. 1888 मध्ये दोन हजार रुपये देऊन प्रकरण मिटले. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, हे सर्वांना माहीत आहे.

हा वाद मराठीत मांडून पाहावा. मराठी घरांत ‘दांपत्यहक्क’ कोणी बोलत नाही, ‘नांदणे’ म्हणतात. पोर नांदायला गेली, नांदत नाही, नांदवत नाही. नांदणे यात राहणे आहे, रुळणे आहे, सुखाने असणे आहे, आणि सासरच्या सत्तेखाली असणेही आहे. इंग्रजी शब्द हक्क सांगतो. मराठी क्रियापद सहवास आणि सक्ती एकाच वेळी सांगते. जी कधी नांदलीच नाही तिला पुन्हा नांदायला पाठवा, हे वाक्य मराठीत उच्चारताच त्यातली विसंगती कानाला टोचते. पिन्ही यांना ती इंग्रजीतून जाणवली. ‘केसरी’ला मात्र, कान पुरता मराठी असूनही, ती टोचली नाही. तेव्हा भाषा आपोआप शहाणपण देते, असा आमचा दावा नाही. हा दावा लावण्याची तरतूद हिंदू विवाह कायद्याच्या कलम 9 मध्ये आजही शाबूत आहे.

दुसरे उदाहरण मुंबईबाहेरचे आहे, पण ते टाळता येत नाही. 26 मार्च 1972 च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात चौकशीसाठी आणलेल्या एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा तो खटला. कायद्याच्या पुस्तकांत तो ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ म्हणून आहे. मुलीचे नाव आम्ही येथे घेत नाही. 1974 मध्ये सत्र न्यायाधीशांनी तिला थक्क करणारी खोटारडी ठरवून आरोपींना सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तोच पुरावा वाचला आणि एक भेद केला: भीतीपोटी निमूटपणे शरीर हवाली करणे म्हणजे इच्छा नव्हे. दोघांना शिक्षा झाल्या, एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक. 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तोच पुरावा तिसऱ्यांदा वाचला. अंगावर खुणा नाहीत. हाताला धरून नेले जात असताना तिने हात झटकला नाही, सोबतच्या माणसांना हाक मारली नाही. सबब जे झाले ते शांततेत झाले. दोघेही सुटले.

तिन्ही न्यायालयांपुढे एकच मौन होते. सत्र न्यायालयाने ते खोटेपणा म्हणून वाचले, उच्च न्यायालयाने भीती म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने संमती म्हणून. यातले एकच वाचन असे होते, ज्याने स्थळ वाचले: पोलीस ठाणे, रात्र, गणवेश. संहितेतील मौनाचा अर्थ संदर्भाशिवाय लावता येत नाही, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना सांगतो. 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना लिहिलेले खुले पत्र म्हणजे, आमच्या मते, भारतात लिहिल्या गेलेल्या उत्तम समीक्षालेखांपैकी एक आहे. त्याने कायदा हलवला. 1983 च्या दुरुस्तीने, कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला असेल आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, असे ठरले. किती समीक्षालेखांविषयी असे म्हणता येईल?

त्या निकालपत्रात मुलीचे बोलणे आहे. पण ते सारे अप्रत्यक्ष कथनात आणि इंग्रजीत. ती नेमके काय शब्द बोलली, हे छापील निकालावरून कळत नाही. हा दोष त्या एका निकालाचा नाही. महाराष्ट्रात 1998 पासून जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाची भाषा संविधानाच्या अनुच्छेद 348 नुसार इंग्रजी. म्हणजे अपील झाले की जबानी भाषांतरित होते. आता निवडक निकालांची मराठी भाषांतरे उपलब्ध होऊ लागली आहेत, सर्वोच्च न्यायालयाने 2019 पासून त्यासाठी संगणकाची मदतही घेतली आहे. चांगले आहे. पण एखाद्या बाईने मराठीत सांगितलेले वाक्य इंग्रजीत जाऊन पुन्हा मराठीत येते, तेव्हा ती ‘सदर इसमाने मला मारहाण केली’ असे बोलू लागते.

एका वकील मित्राने यावर आमची हजेरी घेतली. मूळ कागद उच्च न्यायालयात मागवलेले असतातच, मराठी जाणणारे न्यायमूर्ती मूळ जबानी स्वतः वाचतात, आणि शंका आली की मूळ शब्द निकालात उतरवतातही, असे त्यांचे म्हणणे. ते खरे आहे, आणि असे निकाल आम्ही पाहिलेही आहेत. पण ते त्या न्यायमूर्तींच्या आवडीवर राहते. पेशवाईतल्या निवाडपत्रांत वादी-प्रतिवादींच्या तक्रीरी उतरवून घेण्याची रीत होती. त्या न्यायव्यवस्थेत जातीचे आणि लिंगाचे अन्याय उदंड होते, आणि तिचा उदोउदो आम्ही करणार नाही. माणसाचे म्हणणे निवाड्यातच असावे, एवढी तिची सवय मात्र घेण्याजोगी होती. ज्या शब्दावर किंवा वाक्यावर निकाल फिरतो, तेवढे तरी साक्षीदाराच्या भाषेत निकालपत्रात असावे, ही मागणी जास्त नाही. आणि पदव्युत्तर मराठीच्या अभ्यासक्रमात चारदोन निकालपत्रे असावीत, ही तर त्याहून स्वस्त.

आमच्या बैठकीत शेवटी असे ठरले की संगमनेरच्या त्या माणसाचा परिच्छेद प्रत्येकाने मराठीत आणायचा. पुढच्या रविवारी सहा भाषांतरे आली. आकडे सगळ्यांचे सारखे. ‘लकी’पाशी सगळे फुटले. एकाने ‘सुदैवाने’ लिहिले, एकाने ‘भाग्यवान’, एकाने अवतरणचिन्हांत ‘नशीबवान’. आमच्यातली सर्वांत धाकटी अकोले तालुक्यातली आहे, म्हणजे संगमनेरच्या शेजारची. तिने तो शब्दच गाळला होता. विचारले तर म्हणाली, तो माणूस नशिबाचे नाव घेणारच नाही, तीनशे रुपये मोजलेत त्याने. तो म्हणेल, ‘जागा घावली’. निवृत्तांपैकी एकाचे मत पडले, की हे भाषांतर नव्हे, न्यायमूर्तींचा उपरोध यात गेला. वाद मिटलेला नाही.