इंग्रजी फुकट आहे, शेजारी बसायला माणूस हवे



गट कार्यालयात आलेला सभासद तोडीची तारीख विचारून झाली, की हल्ली हमखास दुसरा विषय काढतो. "साहेब, पोराला इंग्लिश मीडियमला टाकू का?" ऊस विकास विभागाकडे हा प्रश्न का यावा, कोण जाणे! आम्ही सगळ्यांच्या बांधावर जातो, म्हणून येत असावा. तेव्हा त्याविषयी आमचे मत येथे मांडतो. मत आमचे आहे, संचालक मंडळाचे नव्हे, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

इंग्रजी हवे की नको, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. औषधाच्या बाटलीवरचा बारीक मजकूर असो की निर्यातीच्या द्राक्षाचा रेसिड्यू रिपोर्ट, निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला इंग्रजी रोज आडवे येते. आम्ही स्वतः पाचवीत एबीसीडी गिरवायला बसलो आणि पुढे पदविकेला गेल्यावर त्याचे चटके खाल्ले. महाराष्ट्र शासनाने जून २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासूनच इंग्रजी सुरू केले. रामकृष्ण मोरे तेव्हा शिक्षणमंत्री होते. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली. आमच्या मते निर्णय बरोबर होता. म्हणजे मराठी शाळेत घातले की इंग्रजी बुडाले, ही समजूत पाव शतकापूर्वीच खोटी व्हायला पाहिजे होती. ती झाली नाही. सकाळी सात वाजता फाट्यावर उभे राहा, पिवळ्या गाड्या भरून पोरे शहराकडे जाताना दिसतील. उसाच्या पहिल्या हप्त्यातली मोठी रक्कम फी आणि गाडीभाड्यात जाते, असे सभासदच सांगतात. इकडे गावची जिल्हा परिषदेची शाळा पटावाचून रिकामी होते. आणि त्या पिवळ्या गाडीतले पोर घरी येऊन इंग्रजीत बोलते का? कविता म्हणून दाखवते. अर्थ विचारला की गप्प.

आता जे फुकट मिळते, त्याकडे वळू. बालभारतीच्या पुस्तकात चौकोनी ठिपक्यांची एक खूण छापलेली असते. तिला क्यूआर कोड म्हणतात. मोबाईलचा कॅमेरा तिच्यावर धरला, की त्या धड्याचे चित्र, आवाज, व्हिडिओ उघडतात. केंद्र सरकारच्या २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' ह्या व्यवस्थेतून हे साहित्य येते. पैसे पडत नाहीत. कितीतरी घरांत पुस्तक आहे, मोबाईल आहे, पण खुणेला आजवर कोणी हात लावलेला नाही. दुसरे, प्रथम बुक्स संस्थेचे 'स्टोरीवीव्हर'. २०१५ पासून तेथे मुलांच्या गोष्टी मोकळ्या ठेवलेल्या आहेत. कितीतरी गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. आधी मराठीतून वाचावी, मग तीच इंग्रजीतून. पोराला गोष्ट ठाऊक असते, त्यामुळे शब्दाचा अर्थ त्याचा तोच लागतो. शिवाय कागदावर छापून घ्यायलाही मोकळीक आहे. तिसरे, गूगलने २०१९ मध्ये आपल्या देशात 'बोलो' नावाने काढलेले आणि पुढे 'रीड अलाँग' असे नाव दिलेले ॲप. पोर मोठ्याने वाचते, मोबाईल ऐकतो, शब्द चुकला की दाखवतो. गोष्टी एकदा उतरवून घेतल्या, की रेंज नसली तरी चालते. वस्तीवर राहणाऱ्या सभासदाला ह्याचे मोल वेगळे सांगायला नको. ब्रिटिश कौन्सिलचीही लहान मुलांसाठी गाणी-गोष्टींची मोफत सोय आहे. आम्हाला स्वतःला गोष्टींची पुस्तके जास्त पटली. गाण्यात पोर रमते खरे, पण शब्द हाती लागत नाही.

एवढे असून अडते कोठे? मोबाईल कोणाकडे असतो, ते पाहा. तो बापाच्या खिशात. बाप मळ्यात, नाही तर काट्यावर, कारण वजनाचा मेसेज त्याच्याच नंबरवर येतो. रात्री आठ-साडेआठला मोबाईल घरी येतो, तेव्हा पोर पेंगुळलेले असते. आणि जागे असले, तर ते इंग्रजी कशाला उघडेल? गेम उघडते. त्याचा दोष नाही, मोठी माणसेही तेच करतात. आपण ठिबक बसवले, फिल्टर कधी साफ केला नाही आणि दोन वर्षांनी म्हणालो, ठिबकाने ऊस येत नाही; त्यातला हा प्रकार आहे.

ह्या बाबतीत डॉ. सुगता मित्रा यांचे काम समजून घेण्यासारखे आहे. १९९९ साली त्यांनी दिल्लीत कालकाजी येथे झोपडपट्टीला लागून असलेल्या भिंतीत संगणक बसवला. कोणी शिकवले नाही, तरी पोरे तो चालवायला शिकली. त्यावरून, मुले आपली आपण शिकतात, असे ते जगभर सांगू लागले. आम्हाला हे निम्मेच पटते. चालवायला शिकली हे खरे. पण चालवणे आणि शिकणे ह्यांत अंतर आहे. खुद्द मित्रांनीच २००९ च्या सुमारास इंग्लंडमधल्या आजीबाईंना हाताशी धरले. त्या स्काईपवरून आपल्याकडच्या मुलांशी बोलत, गोष्ट वाचून दाखवत, "वा, छान, पुढे काय झालं?" असे विचारत. म्हणजे अखेर शेजारी कोणीतरी लागलेच की! (ती स्काईप सेवाही २०२५ मध्ये बंद पडली. फुकटची वस्तू कधी बंद होईल, ते आपल्या हाती नसते. म्हणून गोष्टी उतरवून, छापून ठेवाव्यात.)

मित्रांना २०१३ मध्ये टेडचे दहा लाख डॉलरचे पारितोषिक मिळाले. त्यातून सात केंद्रे निघाली, त्यांतले एक आपल्या फलटणला, प्रगत शिक्षण संस्थेत. ही संस्था डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केली. बाई जन्माने अमेरिकन, इंग्रजी त्यांची मातृभाषा. तरी त्यांनी १९८६ मध्ये शाळा काढली, ती मराठी माध्यमाची. आधी मुलाला स्वतःच्या भाषेत नीट वाचता-लिहिता आले पाहिजे, हा त्यांचा आग्रह. जिला इंग्रजी येतच होते, तिने असे करावे आणि ज्यांना येत नाही त्यांनी मराठी शाळा सोडून पळावे, हे आम्हाला चमत्कारिक वाटते.

दुसरे उदाहरण रणजितसिंह डिसले गुरुजींचे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत ते २००९ मध्ये रुजू झाले, तेव्हा शाळेची जागा गोठ्याला लागून होती. पुस्तकात क्यूआर कोड घालण्याची कल्पना त्यांनी त्या शाळेत राबवली, मग ती राज्याने उचलली. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि दहा लाख डॉलरमधली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. बक्षिसाचे सगळ्यांना आठवते. खूण छापली म्हणून नव्हे, गुरुजी घरोघर फिरले म्हणून ते जमले, हे मात्र कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची, ती आपल्याला टोचेल. दिवाळी झाली की नांदगाव, चाळीसगाव, कन्नडकडून टोळ्या येतात. कोपीपुढे वाढ्यांच्या ढिगाजवळ धाकट्याला सांभाळत बसलेली आठ-नऊ वर्षांची पोरगी सगळ्यांनी पाहिली आहे. तिच्याजवळ गावाकडून आणलेले शिक्षण हमी पत्रक कधी असते, बहुधा नसते. मुकादमाच्या मोबाईलवर ती जाहिरातीतली इंग्रजी अक्षरे ओळखते, हे आम्ही पाहिले आहे. आपल्या पोरासाठी पिवळी गाडी आणि आपला ऊस तोडणाऱ्याच्या पोरीला काही नाही. फुकटचे साधन सगळ्यांत जास्त उपयोगाचे कोणाला आहे, ते सांगा.

म्हणून आमची सूचना अशी. कारखान्याने स्वतःची इंग्रजी शाळा काढावी, असे काही सभासद बोलतात. त्याला आमचा विरोध आहे. इमारतीतच पैसा संपेल. त्यापेक्षा प्रत्येक गट कार्यालयात संध्याकाळी सहा ते सात एक खोली उघडी ठेवावी. दोन मोबाईल, एक आवाजाचा डबा, शंभरेक छापील गोष्टी. गावातली बारावी झालेली सून किंवा मुलगी मानधनावर तेथे बसवावी. तिला इंग्रजी फाडफाड आले पाहिजे असे नाही. पोर वाचताना ऐकून घेता आले पाहिजे आणि "पुढे काय झालं?" हे विचारता आले पाहिजे. सभासदाचे पोर आणि टोळीवरचे पोर एकाच सतरंजीवर बसेल, हेही आधीच सांगतो. ज्यांना ते चालणार नाही, त्यांनी तसे उघड बोलावे.

एका म्हाताऱ्या सभासदांना आम्ही हे सांगितले, तर ते म्हणाले, "साहेब, मी बसू का? मला इंग्रजी येत नाही, पण ऐकाया तर येतं." आम्ही म्हटले, आप्पा, जरूर बसा.

घरात पडून असलेला चालू स्थितीतला जुना मोबाईल कोणी देणार असेल, तर सिम काढून, आतले फोटो पुसून गट कार्यालयात द्यावा. चार्जर सोबत आणावा, तो नेहमी राहून जातो.