दोघेही वाकतात



हिंजवडीच्या कंपनीने माझ्या पुतण्याला कामासाठी जपानला पाठविले होते. सुट्टीच्या दिवशी तो टोकियोत ज्युदोच्या पहिल्या धड्याला गेला. घरी आल्यावर सांगू लागला, "आजी, तासभर नुसते पडायलाच शिकवले! हनुवटी छातीशी घ्यायची, हात चटईवर आपटायचा, डोके जपायचे."

आईने विचारले, "अन् वाकायला लावलं का रे?" तिच्या सासऱ्यांचा जन्म जोहार घालण्यात गेला होता.

"लावलं, आजी. पण गुरुजीही माझ्यापुढं तेवढेच वाकले."

आई बराच वेळ बोलली नाही.

जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोच्या एइशो-जी या बुद्धविहारात, १२ चटयांवर, ९ शिष्य घेऊन ज्युदो शिकविण्यास सुरुवात केली. 'दो' म्हणजे मार्ग. स्वतःबरोबर दुसऱ्याचेही कल्याण, हे त्यांचे तत्त्व होते.

आपल्या मुली रात्रपाळी करून घरी येतात. म्हणून जाणकार शिक्षक आणून विहारात रविवारच्या वंदनेनंतर असा वर्ग भरवावा, असे मी सुचविले आहे. आईने धाकट्या नातीचे नाव आधीच दिले आहे.